संगीतावरचे मराठी शब्दकोडे तयार करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात गणेशोत्सवाचे अंक, शाळांची हस्तलिखिते, गाण्याच्या क्लासची वार्षिक स्नेहसंमेलने आणि घरगुती मैफली यांना तोटा नाही. त्यातल्या कशासाठीही संगीतावरचे शब्दकोडे करता येते. खर्च जवळपास नाही, पण डोके आणि वेळ दोन्ही लागतात. छंद म्हणून कोडे रचायला बसणाऱ्यांना पडणारे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सुरुवातीला काय साहित्य लागते?

गणिताची चौकटीची वही, मऊ शिसाची पेन्सिल, चांगला खोडरबर आणि एक शब्दकोश. संगणक नंतर लागतो, तोही छापण्यापुरता. पहिली जुळणी कागदावरच करावी. पडद्यावर एक घर बदलले की शेजारच्या चार शब्दांचे काय झाले ते पटकन दिसत नाही. कागदावर खोडलेले अक्षरही पुसट दिसत राहते आणि मागे फिरायचे झाल्यास उपयोगी पडते.

एका घरात काय लिहायचे? काना-मात्रा वेगळ्या घरात जातात का?

नाही. एका घरात एक पूर्ण अक्षर लिहायचे, त्याच्या काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वारासकट. जोडाक्षरही एकाच घरात बसते. म्हणून ‘तंबोरा’ तीन घरांचा (तं-बो-रा), ‘मल्हार’ तीन घरांचा (म-ल्हा-र), ‘हंसध्वनी’ चार घरांचा (हं-स-ध्व-नी). रफार पुढच्या अक्षराचा असतो, त्यामुळे ‘हार्मोनियम’ची घरे हा-र्मो-नि-य-म अशी पाच होतात. हा-मो-नि-य-म असे लिहून रफार विसरण्याची चूक फार होते.

मराठी कोड्याची खरी अडचण इथेच आहे. आडव्या आणि उभ्या शब्दाचे सामाईक घर अक्षर आणि स्वरचिन्ह या दोन्ही बाबतीत तंतोतंत जुळले पाहिजे. ‘सतार’मधल्या ‘ता’वरून ‘तबला’ खाली सोडता येत नाही, कारण तिथे ‘त’ हवा. एखाद्या गाण्याचा किंवा रागाचा मोह बाजूला ठेवून शब्द आधी अक्षरांच्या अंगाने पाहायचा, हे पटले की निम्मे काम सोपे होते.

पहिल्या कोड्याची चौकट केवढी घ्यावी?

९ × ९ घ्यावी. ७ × ७ मध्ये विषय फुलत नाही आणि ११ × ११ च्या पुढे अनुभवी माणसालाही भरावाचे शब्द शोधत बसावे लागते.

काळी घरे कुठे टाकायची, याची काही पद्धत आहे का?

आहे, आणि नवख्याने तीच धरावी. तिला जाळीची पद्धत म्हणू. आडवे शब्द फक्त १, ३, ५, ७, ९ या ओळींत आणि उभे शब्द फक्त १, ३, ५, ७, ९ या स्तंभांत ठेवायचे. ज्या घराची ओळही सम आणि स्तंभही सम, ते घर आधीच काळे करायचे. ९ × ९ मध्ये अशी १६ घरे येतात.

प्रत्येक विषम ओळीत नऊ घरे मोकळी असतात. तिथे एक पाच अक्षरी शब्द, एक काळे घर आणि एक तीन अक्षरी शब्द बसवायचा, किंवा उलट क्रमाने. उभ्या स्तंभांतही तसेच. काळे घर सम जागेवर, म्हणजे चौथ्या किंवा सहाव्या जागेवर पडते, त्यामुळे आडव्या ओळीतले काळे घर कोणताही उभा शब्द तोडत नाही. हिशेब असा: १० आडवे शब्द, १० उभे शब्द, २६ काळी घरे, ५५ पांढरी घरे आणि त्यांपैकी २५ घरांत छेद, म्हणजे आडव्या आणि उभ्या शब्दाचे सामाईक घर. प्रत्येक शब्दाचे पहिले, तिसरे आणि असल्यास पाचवे अक्षर छेदातून मिळते, म्हणजे सोडवणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी आधार आहे.

ओळीत ४ + ४ असे शब्द टाकायचे म्हटले तर काळे घर पाचव्या जागेवर येते, म्हणजे थेट छेदाच्या घरावर. एखाद्या ओळीत चालेल. तीन-चार ओळींत तसे केले की उभे शब्द तुकड्यातुकड्यांचे होतात.

इंग्रजी कोड्यांत चौकट उलटी धरली तरी काळ्या घरांची नक्षी तीच दिसावी असा दंडक असतो. मराठीत त्याचा आग्रह पहिल्या कोड्याला तरी धरू नये.

एखादे छोटे उदाहरण दाखवता येईल?

खालची ५ × ५ ची चौकट याच पद्धतीची आहे. सहाही शब्द संगीतातले आहेत.

■ | ■ | त | ब | ला
■ | ■ | रा | ■ | व
अ | डा | णा | ■ | णी
भं | ■ | ■ | ■ | ■
ग | म | क | ■ | ■

आडवे: १. डग्ग्याचा उजव्या हाताचा जोडीदार (३). ३. दरबारीच्या जवळचा, पण उत्तरांगात रंगणारा आसावरी थाटातला राग (३). ४. स्वर जोरकसपणे, सलग झुलवत घेणे (३).

उभे: १. नोम, तोम, तन, देरे ना अशा बोलांत बांधलेली रचना (३). २. ढोलकीच्या साथीने चालणारा महाराष्ट्राचा गीतनृत्यप्रकार (३). ३. टाळ-मृदंगाच्या साथीने म्हटली जाणारी संतरचना (३).

‘णा’ आणि ‘णी’ कुठे आहेत ते पाहा. दोन्ही शब्दांच्या शेवटाला आहेत. ण आणि ळ यांनी मराठीत शब्द सुरू होत नाही. त्यामुळे ‘अडाणा’ जिथे संपतो त्या घरातून नवा उभा शब्द सुरू करता येणार नाही, तिथे उभा शब्दही संपला पाहिजे किंवा मधून जात असला पाहिजे. लावणी, गवळण, भूपाळी, संबळ, कैताळ असे शब्द आपल्याकडे भरपूर. ते शक्यतो चौकटीच्या उजव्या कडेला आडवे संपतील किंवा तळाला उभे संपतील असे ठेवावेत.

शब्द किती आणि कुठून गोळा करायचे?

वीस शब्दांच्या चौकटीसाठी ८० ते १०० शब्दांची यादी हवी. वीसच शब्द घेऊन बसलात तर ते एकमेकांत कधीच बसणार नाहीत. यादी गटागटाने करा.

राग आणि थाट: भातखंड्यांचे दहा थाट (बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी) हीच चांगली सुरुवात. पाच अक्षरी हवेत म्हणून गौडसारंग, शिवरंजनी, मारूबिहाग. ताल: धमार, झूमरा, दादरा, रूपक, चौताल. वाद्ये: सतार, सनई, पखवाज, मृदंग, संबळ, तुणतुणे, हलगी. परिभाषा: मींड, गमक, आलाप, बंदिश, मुखडा, जवारी, लय, सम.

कोल्हापूरचा गट वेगळा करा, कारण स्थानिक सोडवणाऱ्याला त्यातच रस असतो. शाहू महाराजांच्या आश्रयाने इथे राहिलेले गायक अल्लादिया खाँ (अ-ल्ला-दि-या-खाँ), त्यांच्या शिष्या केसरबाई (के-स-र-बा-ई) आणि मोगूबाई, अल्लादियांचे पुत्र भूर्जी खाँ, १८८३ सालची संगीतसंस्था देवल क्लब (दे-व-ल-क्ल-ब), १९१९ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले बाबूजी म्हणजे सुधीर फडके, मराठी चित्रपटांना संगीत देताना लता मंगेशकरांनी घेतलेले आनंदघन (आ-नं-द-घ-न) हे नाव. तंबोऱ्यांसाठी नावाजलेले मिरज शेजारीच आहे. पेठांमधली हलगी आणि घुमकंही यादीत हवेच.

पडताळणीला करवीर नगर वाचन मंदिरासारखे जुने ग्रंथालय किंवा गाणे शिकवणारे शिक्षक उत्तम. इंटरनेटवर रागांच्या वेळा आणि वादी-संवादी (रागातले मुख्य आणि दुय्यम स्वर) बऱ्याचदा वेगवेगळे दिलेले सापडतात. ज्या माहितीवर दोन चांगल्या पुस्तकांचे एकमत नाही, ती संकेतात, म्हणजे उत्तर ओळखण्यासाठी दिलेल्या सूचनेत, वापरू नये.

सगळेच शब्द संगीतातले हवेत का?

नकोत. वीसपैकी दहा-बारा पुरेत. बाकीचे साधे, रोजचे शब्द ठेवा. तेच सोडवणाऱ्याला आत शिरायला दार देतात. सगळे शब्द रागांचे केले तर ज्याने गाणे शिकलेले नाही तो तिसऱ्या संकेतालाच कागद बाजूला ठेवतो.

यादी तयार आहे, पण शब्द जुळतच नाहीत. काय चुकते?

बहुतेक वेळा अक्षरसूची केलेली नसते. प्रत्येक शब्द फोडून कोणते अक्षर कितव्या जागी आहे ते लिहून काढा. ‘रा’ घेतला तर तराणा (२), दादरा (३), झूमरा (३), तंबोरा (३). ‘ग’ घेतला तर मृदंग (३), अभंग (३), गमक (१), गौडसारंग (५). अशी सूची हाताशी असली की छेदाचे घर भरताना यादी पुन्हा पुन्हा वरून खाली वाचावी लागत नाही.

जुळणीचा क्रमही महत्त्वाचा. आधी पाच अक्षरी विषयशब्द बसवा, पहिली आणि पाचवी ओळ यांसाठी चांगली. मग त्यांना छेदणारे उभे शब्द. सर्वांत शेवटी तीन अक्षरी भराव. लहान शब्द आधी भरले की मोठ्यांना जागा उरत नाही, आणि मोठ्या शब्दांना पर्याय फार थोडे असतात.

अवघड अक्षरे आधी हेरून ठेवा: र्मो, ध्व, क्ल, ल्ला. जाळीच्या पद्धतीत दुसरे आणि चौथे घर छेदात येत नाही. अशी अक्षरे तिथे पडतील असाच शब्द निवडा. ‘हार्मोनियम’मधला ‘र्मो’ दुसऱ्या घरात आहे, ‘देवलक्लब’मधला ‘क्ल’ चौथ्या घरात, ‘अल्लादियाखाँ’मधला ‘ल्ला’ दुसऱ्या घरात. हे शब्द दिसायला कठीण असले तरी जाळीत सहज बसतात. याउलट रा, ता, ना, र, ल, म, री ही छेदाची लाडकी अक्षरे.

तासभर प्रयत्न करूनही एक कोपरा भरत नसेल तर त्या कोपऱ्यातला एकच शब्द बदलून पाहू नका. त्या कोपऱ्याला बांधणारा मोठा शब्दच काढा. अडचण तिथे असते.

एकाच शब्दाची दोन रूपे असतील तर?

संगीतात हे पदोपदी येते: मालकंस-मालकौंस, केहरवा-केरवा, बागेश्री-बागेसरी, तोडी-टोडी. नियम साधा ठेवा: ज्या अक्षरात फरक आहे ते घर छेदात येऊ देऊ नका. ते जमत नसेल तर उभा शब्द इतका सोपा ठेवा की त्यातून योग्य रूप आपोआप मिळेल. केहरवा चार घरांचा आणि केरवा तीन घरांचा, म्हणून तिथे कंसातली अक्षरसंख्याच निकाल लावते.

बोलीतल्या अनुस्वाराचेही तसेच. घुमकं की घुमके, तुणतुणं की तुणतुणे? ‘बोलीतले रूप’ एवढे संकेतात जोडले की वाद मिटतो. ऱ्हस्व-दीर्घासाठी सध्याच्या शुद्धलेखनाचे नियम पाळा: गती, ध्वनी, कवी यांचा शेवट दीर्घच.

चांगला संकेत कसा लिहावा?

संकेताने एकाच उत्तराकडे नेले पाहिजे. कोडे फसते ते चौकटीमुळे कमी आणि अर्धवट संकेतांमुळे जास्त. ‘१४ मात्रांचा ताल (३)’ असे लिहिले तर धमारही बरोबर, झूमराही बरोबर. दोन्ही तीन अक्षरी. ‘पखवाजावर वाजणारा १४ मात्रांचा ताल, याच नावाची गायनशैलीही आहे’ असे लिहिले की धमारच उरतो. ‘१० मात्रांचा ताल (४)’ हा तर सापळाच आहे. झपताल आणि सूलताल दोन्ही चार अक्षरी, दोन्हींची शेवटची दोन अक्षरेही सारखीच, त्यामुळे छेदातून मिळालेला ‘ल’ काहीच मदत करत नाही.

रागांच्या बाबतीत नुसते स्वर सांगणे पुरत नाही. मारवा, पुरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. तिन्ही नावे तीन अक्षरी. इथे चलन सांगावे लागते: मंद्र सप्तकात रमतो तो पुरिया, तार सप्तकाकडे धाव घेते ती सोहनी, रिषभ-धैवतावर उभा राहतो तो मारवा. भूप आणि देशकार यांचे स्वरही एकच, पण एक दोन अक्षरी, दुसरा चार अक्षरी. अक्षरसंख्या छापली असेल तर तिथे गोंधळ होत नाही.

व्यक्तींवरचे संकेत सार्वजनिक, पक्क्या गोष्टींवर बांधा. ‘१९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या ध्वनिमुद्रिकेत हिची भैरवी आहे (५)’ यातून केसरबाई मिळते आणि न सुटल्यास सोडवणाऱ्याला नवी माहिती मिळते. ‘थोर गायिका (५)’ यातून काहीच मिळत नाही.

दुहेरी अर्थाचे संकेत दोन-तीन असावेत, ते कोड्याची चव वाढवतात. ‘शिक्षकांच्या हातात दिसते, गायक आपल्या गळ्याप्रमाणे निवडतो (२)’: पट्टी. ‘तंबोऱ्याच्या घोडीवर लावतात, मंडईत गावरान काकडीलाही हाच शब्द (३)’: जवारी. हा दुसरा संकेत कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे चालेल. पुण्या-मुंबईचे वाचक असतील तर बदला.

अवघडपणा कसा ठरवायचा?

ढोबळ माप असे: निम्मे शब्द कोणालाही यावेत, पाच-सहा शब्द संगीतातली प्रवेशिकेची परीक्षा दिलेल्याला यावेत आणि दोनच शब्द जाणकारासाठी असावेत. अल्लादिया खाँच्या जयपूर-अत्रौली घराण्यात अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग भरपूर आहेत आणि कोल्हापूरकराला ते घालण्याचा मोह होतोच. एक घाला, जरूर घाला. पण त्याला छेदणारे सगळे शब्द सोपे ठेवा. दोन अनवट नावे एकमेकांना छेदली तर सामाईक घर केवळ अंदाजाने भरावे लागते आणि ते सोडवणाऱ्यावर अन्यायाचे आहे.

गाण्याची ओळ देऊन गाळलेला शब्द विचारता येतो का?

घरगुती कोड्यात अडचण नाही. विकायच्या अंकासाठी जपून वागावे. भारतात गीताचा स्वामित्वहक्क गीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. संतांचे अभंग, पारंपरिक ओव्या आणि जुन्या बंदिशी यांना ही अडचण नाही, आणि त्यांत शब्दांचा खजिना आहे. दुसऱ्याच्या छापील कोड्यातली चौकट किंवा संकेत मात्र उचलू नयेत.

संगणकावर अक्षरे मोजताना आकडा चुकतो. का?

एक्सेल किंवा गूगल शीट्समधले ‘लेन’ हे सूत्र अक्षरे मोजत नाही, युनिकोडची चिन्हे मोजते. ‘भूपाळी’ आपल्या दृष्टीने तीन अक्षरे, पण सूत्र ६ सांगते, कारण दीर्घ उकार, काना आणि वेलांटी वेगळी चिन्हे आहेत. ‘हंसध्वनी’ची लांबी ८ येते, चार नाही. इंग्रजीसाठी बनवलेली बरीच कोडे-सॉफ्टवेअर्सही याच कारणाने मात्रा वेगळ्या घरात टाकतात. म्हणून शीटमध्ये प्रत्येक अक्षर स्वतः वेगळ्या रकान्यात लिहा आणि भरलेले रकाने मोजा.

शीटवरच सोडवण्याजोगे कोडे करायचे असेल, म्हणजे बरोबर अक्षर टाकले की घर हिरवे व्हावे, तर आणखी एक गोष्ट सांभाळा. ॲ आणि ऱ्य ही अक्षरे दोन प्रकारे टाइप होतात. दिसायला सारखी, संगणकाला वेगळी. उत्तर बरोबर असूनही घर हिरवे होत नाही. ही अक्षरे असलेले शब्द ऑनलाइन कोड्यात न घेणे हाच सोपा उपाय.

छापायला घर केवढे हवे?

१२ मिलिमीटर. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, शिवाय कोपऱ्यात क्रमांक. ८ मिलिमीटरच्या घरात ‘र्मो’ हाताने लिहिता येत नाही. ९ घरांची रुंदी १०८ मिलिमीटर होते, ती ए-फोर कागदावर आरामात बसते आणि खाली संकेतांना जागा उरते. एक्सेलमध्ये ओळीची उंची ३४ आणि स्तंभाची रुंदी ५.७ च्या आसपास ठेवली की घर चौरस येते. क्रमांक ६ किंवा ७ पॉइंटचा, संकेत ११ ते १२ पॉइंटचे. ज्येष्ठ मंडळी सोडवणार असतील तर १३.

काळी घरे गडद काळी न करता मध्यम करडी ठेवा. झेरॉक्सवर गडद काळ्याची शाई पसरून शेजारचे घर मळते. फार फिकट करडा मात्र झेरॉक्समध्ये उडून जातो, म्हणून आधी एक प्रत काढून बघा. फॉन्ट युनिकोड असावा, नोटो किंवा मुक्ता. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चुराडा होतो. दुकानात छापायला पीडीएफच न्यावी.

तपासणी कशी करावी?

दोन माणसांकडून सोडवून घ्या, एक गाणे जाणणारा आणि एक न जाणणारा. ते सोडवत असताना शेजारी बसून खुलासे करू नका. अडले तिथे खूण करायला सांगा, एवढेच. दोघेही एकाच घरावर अडले तर छेद तपासा. फक्त न जाणणारा अडला तर आधाराचा शब्द सोपा करा. जाणकाराने वेगळेच उत्तर भरले आणि तेही बसले, तर संकेत नव्याने लिहा.

त्याआधी स्वतः तीन गोष्टी पाहा: उत्तरातला शब्द दुसऱ्या कुठल्या संकेतात आला नाही ना, एकच शब्द दोनदा नाही ना (‘राग’ आणि ‘रागमाला’ही एकत्र नकोत), आणि क्रमांक डावीकडून उजवीकडे, वरून खाली ओळीने आहेत ना. एकाच घरातून आडवा आणि उभा दोन्ही शब्द सुरू होत असतील तर क्रमांक एकच.

छापल्यावर चूक सापडली तर?

संकेतातली चूक असेल तर सुधारित संकेताची चिठ्ठी त्या पानाला जोडता येते, किंवा स्पर्धा असेल तर दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत. चौकटीतले काळे घर चुकले असेल तर चिठ्ठीने भागत नाही, पान पुन्हा छापावे लागते. म्हणून छपाईला देण्याच्या आधी, संगणकावरून काढलेल्या रिकाम्या चौकटीतच उत्तरे एकदा पेनने भरून बघा. कच्च्या वहीतून चौकट संगणकावर उतरवतानाच एखादे घर इकडचे तिकडे होते, आणि ते फक्त अशाच भरण्यात सापडते.